मुलांचे शब्द, वर्गाचे गाणे

प्राथमिक शाळेचा दिवस गाण्याने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रार्थना, समूहगीत हा परिपाठाचा क्रम आडवळणाच्या वाडीवरील लहानशा शाळेतही कटाक्षाने पाळला जातो. पहिलीतील मूल अक्षरे ओळखू लागण्यापूर्वीच कितीतरी गाणी तोंडपाठ म्हणू लागते. मुलांना शाळेची गोडी लावण्यात या गाण्यांचा वाटा मोठा आहे, हे कोणताही अनुभवी शिक्षक सांगेल. मात्र ही सारी गाणी दुसऱ्या कोणीतरी रचलेली असतात. मुलांनी ती ऐकावयाची, पाठ करावयाची आणि म्हणावयाची, एवढेच त्यांचे काम असते.

प्रत्येक वर्गात काही मुले अशी असतात, की जी समूहगीतात मोठ्याने सूर मिळवितात, परंतु शिक्षकांनी एखादा प्रश्न विचारताच मान खाली घालतात. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही नसते असे मुळीच नाही. घरी बोलली जाणारी भाषा आणि पुस्तकातील भाषा यांत अंतर असल्यामुळे, किंवा चुकण्याच्या भीतीमुळे, ही मुले गप्प राहतात. पहिली-दुसरीत धरलेले हे मौन वेळीच सुटले नाही, तर वाचन मागे पडते आणि पुढे शाळाही सुटण्याची वेळ येते. या मुलांना बोलते करण्याचा एक साधा आणि बिनखर्चाचा मार्ग म्हणजे साऱ्या वर्गाने मिळून स्वतःचे गाणे रचणे हा होय.

परंपरेतील सामुदायिक रचना

मिळून गाणे रचण्याची ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पहाटे जात्यावर बसलेल्या दोघी-तिघींपैकी एकीने ओवी सुरू करावी, दुसरीने ती उचलून पुढे न्यावी, त्यात आपल्या माहेरचा एखादा तपशील घालावा, अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या ही रचना होत आली. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या पुढाकाराने खेडोपाडीच्या स्त्रियांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित करण्यात आल्या. त्यांतील बहुसंख्य रचनांना एकच अशी कवयित्री नाही. ज्यांनी त्या गायिल्या, त्या साऱ्याजणींची ती मालमत्ता आहे. आश्विन महिन्यात हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून म्हटली जाणारी भोंडल्याची गाणीही अशीच वाढत गेली. एका गोष्टीतून दुसरी गोष्ट निघत जाणे, ही त्यांची साखळीसारखी बांधणी लहान मुलांच्या विचारपद्धतीशी मिळतीजुळती आहे.

या संदर्भात बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या आपल्या बोलीत गाणी रचीत आणि घरातील लिहिती माणसे ती टिपून ठेवीत. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर १९५२ मध्ये त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी, यांच्या प्रयत्नाने ही गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि मराठी कवितेत त्यांना मानाचे स्थान मिळाले. लिहिता न येणाऱ्या व्यक्तीजवळही उत्तम शब्द असू शकतात. उणीव असते ती ते टिपून घेणाऱ्याची, हा यातून मिळणारा बोध प्राथमिक वर्गालाही लागू पडतो.

शिक्षणक्षेत्रातील प्रयोग

बालशिक्षणाच्या क्षेत्रात या विचाराला शास्त्रीय बैठक देण्याचे कार्य अनेकांनी केले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्यास प्रारंभ केला. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या सहकार्याने, ते आदिवासी पाड्यांपर्यंत पोहोचले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, ही त्यांची भूमिका होती. मुलाच्या परिसरातील वस्तू, गाणी आणि गोष्टी यांनाच त्यांनी शिक्षणाचे साधन बनविले.

फ्रान्समधील एका खेड्यात शिक्षक असलेल्या सेलेस्टिन फ्रेने यांनी १९२४ च्या सुमारास वर्गात लहानसे छपाई यंत्र आणले. मुलांनी लिहिलेल्या मजकुरांतून सारा वर्ग मताने एकाची निवड करी. निवडलेला मजकूर फळ्यावर लिहून सर्वजण मिळून तो सुधारीत, मुलेच त्याची जुळणी व छपाई करीत आणि छापलेली पाने दुसऱ्या गावच्या शाळेकडे पाठविली जात. आपले शब्द कोणीतरी दूरवर वाचणार आहे, या जाणिवेने मुले शुद्धलेखनाकडेही आपणहून लक्ष देऊ लागत.

इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगराळ भागातील बार्बियाना या वस्तीत लोरेंझो मिलानी या धर्मगुरूंनी शेतकऱ्यांच्या, शाळेने नापास ठरविलेल्या मुलांसाठी शाळा चालविली. तेथील आठ विद्यार्थ्यांनी मिळून लिहिलेले पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘प्रिय बाई’ या नावाने ते मराठीतही आले. त्यांची लेखनाची रीत अत्यंत साधी होती. सुचलेली प्रत्येक गोष्ट वेगळ्या चिठ्ठीवर लिहावयाची, सारख्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करावयाचे, गठ्ठ्यांतून परिच्छेद बांधावयाचे आणि मग वाचून पाहत अनावश्यक शब्द काढीत जावयाचे. ही रीत गद्याची असली, तरी गाण्याच्या रचनेतही तिचा उपयोग होतो.

गाणे कसे घडते

प्रत्यक्ष वर्गात हे काम कसे चालते, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग आहे आणि मुलांनी विषय निवडला आहे शाळेजवळचा हापसा. विषय असा डोळ्यांसमोरचा असणे महत्त्वाचे. ‘निसर्ग’ किंवा ‘एकता’ असा विषय दिला, तर मुले पाठ्यपुस्तकातील वाक्ये परत करतात. हापशाविषयी मात्र प्रत्येकाजवळ स्वतःचे असे काही असते.

पहिल्या तासाला केवळ बोलणे होते. हापसा दुपारी कुरकुर करतो, रांगेत ढकलाढकली होते, पाणी गार लागते, उन्हाळ्यात नुसती हवा येते, अशी वाक्ये मुले सांगत जातात आणि शिक्षक ती जशीच्या तशी फळ्यावर लिहितात. या टप्प्यावर निवड किंवा दुरुस्ती करावयाची नसते. ज्याने वाक्य सांगितले, त्याला ते फळ्यावर दिसले पाहिजे, एवढाच या तासाचा हेतू असतो.

दुसऱ्या तासाला वाक्यांना माप दिले जाते. यासाठी संतांनी रूढ केलेला लहान अभंग हा उत्तम साचा आहे. आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि त्यांच्या शेवटी यमक, एवढाच त्याचा नियम. जोडाक्षर एकच अक्षर म्हणून मोजले जाते, हे एकदा सांगितले, की दुसरीतील मुलेही बोटांवर अक्षरे मोजू लागतात. ‘हापसा दुपारी कुरकुर करतो’ हे तेरा अक्षरांचे वाक्य आहे. ‘हापसा’ गाळला, ‘कुरकुर करतो’ याऐवजी ‘कुरकुरतो’ म्हटले आणि ‘दुपारी’ शेवटी नेले, की आठ अक्षरे नेमकी भरतात. आता दुपारीशी जुळणारे शब्द शोधावयाचे. सारी, शेजारी, भारी अशा शब्दांची यादी होते आणि तीतून कडवे उभे राहते:

हापसा आमचा भारी
कुरकुरतो दुपारी

पुढच्या ओळीसाठी कोणी ‘मे महिन्यात देतो हवा’ असे सुचविले, तर मोजणीत नऊ अक्षरे भरतात. एक अक्षर कमी करण्याची खटपट सुरू होते आणि ‘मे महिन्यात’ या जागी ‘उन्हाळ्यात’ बसतो:

उन्हाळ्यात देतो हवा
पाण्यासाठी रोज धावा

‘धावा’ या शब्दाचे येथे दोन अर्थ होतात, पळा आणि देवाची आळवणी. हे मुलांच्या ध्यानात आणून दिले, की शब्दाकडे पाहण्याची त्यांची दृष्टीच बदलते. शब्दांचा अर्थ, समानार्थी शब्द, वाक्यातील शब्दांचा क्रम हे व्याकरणाचे धडे अशा वेळी वेगळे शिकवावे लागत नाहीत. नेमका शब्द मिळविण्याची गरज मुलांना स्वतःलाच वाटत असते.

प्रत्येक कडव्यानंतर येणारे ध्रुपद मात्र अगदी सोपे असावे. ‘हापशा रे, पाणी दे रे’ एवढी ओळ त्यासाठी पुरेशी आहे. ज्यांना अजून वाचता येत नाही आणि जे सहसा बोलत नाहीत, त्यांच्याकडे ध्रुपद सोपवावे. गाण्यात ध्रुपद वारंवार येत असल्यामुळे साऱ्या वर्गाला या मुलांची वाट पाहावी लागते. ज्या मुलाकडे एरवी कोणाचे लक्ष जात नाही, त्याच्यावाचून गाणे पुढे सरकत नाही, ही गोष्ट त्या मुलाच्या दृष्टीने लहान नसते.

चाल आणि ताल

संगीताचे शिक्षण न घेतलेले शिक्षक चालीच्या विचाराने बिचकतात. प्रत्यक्षात चालही मुलांकडूनच मिळते. तयार झालेली ओळ टाळी वाजवीत चार-पाच वेळा म्हटली, की तिला आपोआप चढउतार येऊ लागतात. आठ अक्षरांचा चरण आठ मात्रांच्या केरव्यात सहज बसतो. प्रत्येक मात्रेला एक अक्षर घेतले, की ठेका चुकत नाही. पेटी किंवा तबला नसला, तरी बाकावरची थाप आणि दोन दगडांचा आवाज ही साथ पुरेशी असते.

स्वरांच्या बाबतीतही एक जुनी युक्ती उपयोगी पडते. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांनी बालसंगीताच्या आपल्या पद्धतीत सुरुवातीला पाचच स्वरांचा वापर केला. त्यांत बेसूर वाटणाऱ्या जोड्या येत नसल्याने मुले निर्भयपणे नवी चाल बांधू शकतात. आपल्याकडील भूप रागातही मध्यम आणि निषाद हे स्वर वर्ज्य असून उरलेले पाच स्वर मुलांच्या गळ्यावर सहज चढतात. शिक्षकांनी एक काळजी मात्र घ्यावयास हवी. गाण्याची पट्टी स्वतःच्या सोयीची न धरता मुलांच्या आवाजाला पेलेल अशी धरावी. तयार चित्रपटगीताच्या चालीवर शब्द बसविण्याचा मोहही टाळलेला बरा. तसे केल्यास मुलांना मूळ गाण्याचेच शब्द आठवत राहतात आणि त्यांचे स्वतःचे शब्द त्याखाली दडपले जातात.

शिक्षकांची भूमिका

या उपक्रमात शिक्षक हा कवी नसतो. तो लेखनिक असतो. ही भूमिका वाटते तितकी सोपी नाही. मुलांची ओळ जरा ओबडधोबड वाटली, की ती ‘चांगली’ करून देण्याची इच्छा होते. स्नेहसंमेलन जवळ आले असेल आणि पाहुणे येणार असतील, तर ती अधिकच प्रबळ होते. परंतु शिक्षकांनी तीन ओळी बदलल्या, की गाणे शिक्षकांचे झाले, हे मुलांना न सांगताही कळते. त्यांचा उत्साह तेथेच संपतो आणि मुले पुन्हा पाठांतराकडे वळतात. ओळ बदलावयाची असेल, तर प्रश्न विचारावा: अक्षरे पुरतात का? खरोखर असेच घडते का? याहून नेमका शब्द आहे का? उत्तर वर्गानेच शोधावे.

बोलीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. महाराष्ट्रातील अनेक मुले घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोंडी, कोरकू, भिली किंवा पावरी बोलतात. मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाले आणि ते सर्वांसमोर लगेच दुरुस्त झाले, तर पुढचे वाक्य त्याच्या तोंडून येत नाही. गोंडी बोलणाऱ्या मुलाने पाण्याला ‘येर’ म्हटले, तर तो शब्द फळ्यावर ‘पाणी’च्या शेजारी मानाने लिहावा आणि अक्षरांच्या मापात बसत असेल, तर गाण्यातही घ्यावा. प्रमाण भाषा शिकविण्याचे काम यामुळे मागे पडत नाही. दोन्ही शब्द शेजारी लिहिल्याने त्यांतील संबंध मुलांना कळतो आणि घरची भाषा टाकून न देता शाळेची भाषा आत्मसात करता येते. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्यातील कलम २९ मध्येही शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर बालकाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. वर्गाचे गाणे हे त्या तत्त्वाचे एक साधे, रोजच्या व्यवहारातील रूप म्हणता येईल.

वाचनाकडे नेणारी वाट

तिसरीअखेर प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, या उद्देशाने २०२१ साली ‘निपुण भारत’ अभियान सुरू करण्यात आले. या कामी वर्गाच्या गाण्याचा उपयोग थेट आहे. पुस्तकातील परिच्छेद वाचताना मुलाला अक्षरे आणि अर्थ यांच्याशी एकाच वेळी झुंजावे लागते. स्वतः रचलेल्या गाण्याचा अर्थ त्याला आधीच ठाऊक असतो, शब्द तोंडात बसलेले असतात. राहते ती फक्त उच्चारलेल्या शब्दाची आणि लिहिलेल्या अक्षरांची गाठ घालून देणे. मोठ्या कागदावर गाणे लिहून भिंतीवर लावले आणि गाताना ओळीखाली काठी फिरविली, की मुले आपणहून शब्द ओळखू लागतात. ‘कुरकुरतो’ मधील ‘कु’ कोठे कोठे आहे, हे शोधण्याचा खेळ त्यातून निघतो. ओळी कापून विस्कटाव्यात आणि पुन्हा क्रमाने लावावयास सांगावे, हाही असाच एक खेळ आहे.

दोन शिक्षकांच्या शाळेत पहिली ते चौथीची मुले एकत्र बसतात. एरवी अडचणीची वाटणारी ही व्यवस्था येथे सोयीची ठरते. पहिलीच्या मुलांनी आवाज आणि शब्द पुरवावेत, दुसरीच्या मुलांनी अक्षरे मोजावीत, तिसरी-चौथीच्या मुलांनी यमके शोधून लेखन करावे, अशी कामाची वाटणी स्वाभाविकपणे होते. दोन-तीन धीट मुलेच साऱ्या ओळी सांगू लागली, तर लहान गट पाडून प्रत्येक गटाकडे एकेक कडवे द्यावे. आठवड्यातून दोन तास दिले, तर साधारण तीन आठवड्यांत एक गाणे पुरे होऊ शकते.

गावापर्यंत पोहोचणारे गाणे

मुलांनी खरे शब्द वापरले, की गाण्यात कौतुकाबरोबर तक्रारही येते. ‘उन्हाळ्यात देतो हवा’ ही ओळ ऐकून मोठी माणसे हसतील. पण ती एका कोरड्या पडणाऱ्या हापशाची नोंदही आहे. अशी ओळ गाळून तेथे एखादी गोड ओळ घालावी, असे कोणाला वाटू शकेल. तसे करू नये. कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्या बैठकीत मुलांनी हे गाणे म्हटले, तर पाण्याचा प्रश्न अर्जाहूनही स्पष्ट शब्दांत मांडला जाईल. आपण उच्चारलेल्या शब्दाची दखल घेतली जाते, हा नागरिकत्वाचा पहिला धडा मुलांना त्यातून मिळतो.

हा उपक्रम आणखी एका गटासाठी मोलाचा आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील कित्येक मुले दिवाळीच्या आगेमागे आईवडिलांबरोबर गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या काळात पुस्तकाशी संबंध तुटतो. अशा मुलाच्या वहीत वर्गाची चार-पाच गाणी लिहिलेली असली, तर ती फडावरच्या कोपीतही गाता येतात आणि गाता गाता वाचता येतात. तेथे सुचलेले नवे कडवे घेऊन ते मूल परत आले, तर मागे पडलेला विद्यार्थी म्हणून नव्हे, तर गाण्यात भर घालणारा म्हणून वर्ग त्याचे स्वागत करील.

या कामासाठी स्वतंत्र निधी, साहित्य किंवा मोठे प्रशिक्षण लागत नाही. फळा, खडू, एक जाड वही आणि ऐकून घेण्याची तयारी असली, की पुरे. वर्षभरात प्रत्येक वर्गाने तीन-चार गाणी रचून वहीत उतरविली, प्रत्येक गाण्याखाली ते रचणाऱ्या सर्व मुलांची नावे लिहिली आणि ती वही पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती दिली, तर काही वर्षांतच शाळेजवळ गावाचे स्वतःचे असे गीतभांडार तयार होईल. शेजारच्या शाळेशी या वह्यांची देवाणघेवाण करता येईल आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांना त्यांवर चर्चा करता येईल. त्या वहीत आपले नाव आणि आपला शब्द पाहणारे मूल पुढच्या वेळी प्रश्न विचारल्यावर मान खाली घालणार नाही. या साऱ्या खटाटोपाचे फलित तेच आहे.